तोफा ओतणाऱ्याची शाळा

मिशनरी ह्या शब्दाविषयी आपल्याकडील सुशिक्षितांच्या मनात दोन भावना एकाच वेळी नांदत आलेल्या आहेत. शाळा, छापखाने, कोश आणि दवाखाने ह्यांबद्दलची कृतज्ञता ही एक. आणि ज्या हाताने पाटी दिली त्याच हाताने मुलाचा धर्मही मागितला, हा सल ही दुसरी. डॉ. विल्सन, अमेरिकन मराठी मिशन, पंडिता रमाबाईंचे शारदासदन ह्यांपैकी कोणाविषयीही लिहू लागले की ह्या दोहोंतील एक भावना लेखणीचा ताबा घेते आणि दुसरीला दाराबाहेर तिष्ठत उभे राहावे लागते. प्रस्तुत लेखात ज्या पंथाच्या शाळांचा विचार करावयाचा आहे तो क्वेकर पंथ संख्येने अगदी लहान आणि मिशनरी कार्यात पुष्कळच मागाहून उतरलेला. परंतु धर्मप्रसार आणि लोकसेवा ह्यांतील जो पेच इतर मिशनांना सहसा जाणवला नाही, तो ह्या पंथाला पावलोपावली अडवीत होता. म्हणून त्याच्या एका शाळेचा इतिहास जरा विस्ताराने पाहणे उद्बोधक होईल. ही शाळा लेबानॉनच्या डोंगरात, बैरुत शहराच्या वरच्या अंगास, ब्रुम्माना ह्या गावी सन १८७३ मध्ये निघाली. तिचा संस्थापक पूर्वायुष्यात एका राजासाठी तोफा ओतीत असे; आणि त्या राजाच्या हातून त्याची सुटका ज्या सैन्याने केली त्याची उभारणी आपल्या मुंबईत झाली होती.

प्रथम ह्या पंथाची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. इंग्लंडात राजा व पार्लमेंट ह्यांचे यादवी युद्ध चालू असता, जॉर्ज फॉक्स (१६२४-१६९१) नावाचा एका विणकराचा मुलगा मनःशांतीच्या शोधात गावोगाव भटकत होता. धर्मगुरूंकडून समाधान न झाल्यामुळे तो अखेर अशा निर्णयास आला की, ईश्वराचा प्रकाश प्रत्येक मनुष्याच्या ठायी आहे आणि त्याचे दर्शन घडविण्यास मध्यस्थाची गरज नाही. ह्या एका सिद्धान्तातून बाकीचे सर्व आचार ओघानेच आले. पगारी धर्मोपदेशक नको. मंत्रपूत पाणी नको. ठरीव प्रार्थना नको. सर्वांनी एकत्र मौन धरून बसावे आणि ज्याला आतून प्रेरणा होईल त्याने, मग तो पुरुष असो वा स्त्री, उठून चार शब्द बोलावे. मध्यस्थावाचून देवाशी नाते जोडणारे म्हणून आपल्या वाचकांस वारकऱ्यांचे स्मरण होईल. मात्र वारकऱ्यांचा टाळमृदंग आणि ह्यांचे मौन ही दोन टोके होत. राजापुढेही हे लोक टोपी काढीत नसत व लहानथोर सर्वांना एकेरी ‘तू’ म्हणत. शपथ घेण्यास त्यांचा नकार असे, आणि शस्त्र धरण्यास तर सर्वस्वी नकार असे. १६५० मध्ये डर्बी येथे फॉक्स न्यायाधीशापुढे उभा असता त्याने देवाच्या वचनापुढे थरथर कापण्याचा उपदेश त्या न्यायाधीशालाच केला. तेव्हा न्यायाधीशाने चेष्टेने त्यास ‘क्वेकर’ म्हणजे ‘थरथऱ्या’ म्हटले. तेच नाव पुढे चिकटले. हे लोक स्वतःस मात्र ‘मित्रसमाज’ म्हणवीत.

शपथ घेणार नाहीत म्हणून सरकारी हुद्दे बंद, प्रस्थापित चर्चला मानणार नाहीत म्हणून विद्यापीठे बंद. तेव्हा क्वेकरांनी व्यापाराची वाट धरली. बार्क्ले व लॉइड ह्यांच्या पेढ्या, कॅडबरी व राउंट्री ह्यांचे चॉकलेटचे कारखाने ही त्या वाटेवरची ठळक नावे. ह्या पैशाचा बराचसा ओघ गुलामगिरीचे उच्चाटन, तुरुंगांची सुधारणा, वेड्यांची शुश्रूषा आणि शिक्षण ह्या कार्यांकडे वळला. धर्मगुरू नसल्यामुळे प्रत्येकाने स्वतः बायबल वाचणे प्राप्तच होते. सभेत स्त्रियांनाही बोलण्याचा अधिकार असल्याने मुलींना निरक्षर ठेवून भागण्यासारखे नव्हते. १७९८ मध्ये लंडनच्या बरो रोडवर गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढणारा जोसेफ लँकेस्टर हाही क्वेकरच. मोठ्या मुलांनी धाकट्यांस शिकवावे ही त्याची पद्धत पुढे जगभर गाजली. तीच पद्धत अँड्र्यू बेल ह्याने त्यापूर्वी मद्रासेच्या अनाथालयात चालविली होती आणि वाळूत अक्षरे गिरविण्याची कल्पना तर त्याने तेथील देशी शाळांतील मुलांकडूनच उचलली. धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेणारे आपले पंतोजी आणि लंडनचा क्वेकर ह्यांचे नाते असे मद्रासेमार्गे लागते.

इतके असूनही परदेशी मिशने काढण्यास हा समाज तयार नव्हता. बॅप्टिस्टांची मिशनरी संस्था १७९२ सालची, लंडन मिशन १७९५ चे, चर्च मिशन १७९९ चे. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये आले. क्वेकरांची परदेशी मिशन संस्था मात्र १८६८ साली निघाली. ह्या दिरंगाईचे कारण आळस अथवा कृपणता हे नव्हते. धर्मोपदेश ही ईश्वरी प्रेरणेची गोष्ट. मग त्यासाठी पगार ठरविणे, कमिटी नेमणे, वर्षाचे अंदाजपत्रक आखणे, हा जुन्या क्वेकरांस पाखंडाचाच प्रकार वाटे. शिवाय प्रत्येक मनुष्याच्या ठायी प्रकाश आहे हे खरे मानले, तर काशीच्या ब्राह्मणापाशी किंवा दमास्कसच्या मुसलमानापाशी तो नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? ह्या प्रश्नाला समाजाने सरळ उत्तर दिले नाही. तथापि त्याने एक तोड काढली. उपदेशाबद्दल पैसा घेणे पाप असले तरी शिकविण्याबद्दल व औषधोपचाराबद्दल मेहनताना घेण्यास कोणतीच हरकत नव्हती. सबब क्वेकर मिशनरी बहुधा शिक्षक, डॉक्टर किंवा कारागीर म्हणूनच परदेशी गेला. त्यांच्या मिशनांत शाळांना जे प्राधान्य मिळाले त्याचे मूळ माझ्या मते ह्या सैद्धान्तिक अडचणीत आहे.

एकदा बांध फुटल्यावर लोक भराभर निघाले. रेचेल मेटकाफ ही बाई १८६६ मध्ये काशीस आली. जोसेफ सुएल १८६७ मध्ये मादागास्करला पोहोचला. १८६९ मध्ये इलाय जोन्स व सिबिल जोन्स हे अमेरिकन दांपत्य जेरुसलेमच्या उत्तरेकडील रामल्ला गावी गेले असता, एका मुलीने त्यांच्यापाशी मुलींच्या शाळेची मागणी केली. शिकवील कोण, असे त्यांनी विचारताच ‘मी शिकवीन’ असे तिने उत्तर दिल्याची कथा तेथे परंपरेने सांगतात. त्या बीजातून वाढलेली मुलींची शाळा १८८९ मध्ये व मुलांची १९०१ मध्ये निघाली. असो. आता मूळ विषयाकडे वळू.

थिओफिलस वाल्डमायर हा १८३२ मध्ये स्वित्झर्लंडात जन्मला. बाझेल शहराजवळ सेंट क्रिशोना येथे स्पिट्लर नावाच्या धर्मनिष्ठ गृहस्थाने १८४० मध्ये एक संस्था काढली होती. कारागिरांना धर्मशिक्षण देऊन परदेशी पाठवावे, म्हणजे ते स्वतःच्या हातच्या कामावर पोट भरतील आणि आचरणाने धर्म शिकवतील, असा तिचा हेतू. जेरुसलेमपासून अबिसीनियापर्यंत अशा कारागीर मिशनऱ्यांच्या ठाण्यांची साखळी उभारण्याचा संकल्प होता. जेरुसलेमचा बिशप गोबा हा पूर्वी स्वतः अबिसीनियात राहिलेला असल्यामुळे त्याचा ह्या कामी पुढाकार होता. ह्याच योजनेतून वाल्डमायर अबिसीनियात जाऊन पोहोचला. हा देश म्हणजेच आपल्या बखरींतील हबशांची मूळ भूमी. मलिक अंबराचा जन्म तिकडचाच.

त्या वेळी तेथे सम्राट थिओडोर राज्य करीत होता. लहान लहान सरदारांनी फाडून खाल्लेला देश एका छत्राखाली आणून तो १८५५ मध्ये सिंहासनावर बसला होता. कर्तबगार, धार्मिक, उदार आणि क्षणात क्रूर, असा हा विलक्षण पुरुष. मिशनऱ्यांच्या बायबलांपेक्षा त्यांच्या हातोड्यांचे त्याला अधिक अगत्य होते. देब्रा ताबोर ह्या राजधानीजवळ गाफात नावाच्या टेकडीवर त्याने ह्या युरोपियन कारागिरांस वसविले. वाल्डमायरचे लग्नही तेथेच झाले. त्याची पत्नी म्हणजे थिओडोरचा विश्वासू इंग्रज मित्र जॉन बेल ह्याची हबशी बायकोपासून झालेली कन्या. आरंभी रस्ते, गाड्या, अवजारे अशी कामे निघाली; मग राजाने तोफांची मागणी केली. नाही म्हणण्याची सोय नव्हती. ज्यांनी आयुष्यात कधी ओतकाम पाहिले नव्हते अशा माणसांनी भट्ट्या बांधल्या, साचे केले, आणि चुकत माकत का होईना, तोफा ओतल्या. त्यांतील सर्वांत प्रचंड तोफेला राजाने ‘सेव्हास्तोपोल’ असे नाव दिले. शेकडो माणसांनी दोर लावून, जागोजाग नवा रस्ता करीत, ती मगदला नावाच्या डोंगरी किल्ल्यावर ओढून नेली. शांतीचा उपदेश करावयास निघालेल्या माणसाच्या नशिबी हे काम यावे, ह्यातील विसंगती त्या माणसाला जाणवली नसेल असे मानण्याचे कारण नाही. त्याचे पुढील आयुष्यच त्याची साक्ष देते.

पुढची हकीकत इंग्लंडच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. थिओडोरने १८६२ मध्ये राणी व्हिक्टोरियास मैत्रीचे पत्र लिहिले. परराष्ट्र खात्याने ते फडताळात टाकले. उत्तर येत नाही हा आपला अपमान समजून त्याने जानेवारी १८६४ मध्ये इंग्रज वकील कॅमेरन ह्यास बेड्या ठोकल्या. समजूत घालण्यास आलेल्या रसामलाही त्याने अडकवून ठेवले. गाफातचे कारागीर बेडीत नसले तरी राजाच्या छावणीतून हलण्याची मुभा त्यांस नव्हती. अखेर इंग्लंडने युद्ध पुकारले, आणि ते लढण्याची कामगिरी मुंबईच्या सैन्यावर सोपविली. मुंबईचा सरसेनापती सर रॉबर्ट नेपियर ह्याच्या हाताखाली सुमारे १३,००० गोरे व देशी शिपाई, त्यांच्या दुप्पट बाजारबुणगे, हजारो खेचरे, उंट आणि ४४ हत्ती असा सरंजाम तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर उतरला. खर्च जवळजवळ ९० लक्ष पौंडांवर गेला. हिंदुस्थानातून नेलेल्या सैन्याचा नेहमीचा पगार मात्र हिंदुस्थानच्याच तिजोरीवर टाकण्यात आला. ज्या भांडणाशी हिंदी रयतेचा काडीचाही संबंध नाही त्याचा भार तिने का सोसावा, असा रोखठोक प्रश्न दादाभाई नौरोजी ह्यांनी नोव्हेंबर १८६७ मध्येच लंडनच्या ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचून विचारला होता. त्यांचे म्हणणे कोणी ऐकले नाही, हे सांगावयास नकोच.

१० एप्रिल १८६८ रोजी मगदलाखालच्या आरोगीच्या मैदानावर लढाई झाली. हबशी लोक शेकड्यांनी पडले. इंग्रजांच्या बाजूस मृतांची संख्या दोन. ह्यानंतर राजाने सर्व युरोपियनांस सोडून दिले; त्यांत वाल्डमायर व त्याचे कुटुंब होते. १३ एप्रिलला किल्ला पडला तेव्हा, ज्या पिस्तुलाची भेट पूर्वी राणीकडून आली होती, त्याच पिस्तुलाने थिओडोरने स्वतःचा शेवट केला. देवळांतील व राजवाड्यातील हस्तलिखिते आणि सोनेचांदी ह्यांची लूट झाली. राजाचा सात वर्षांचा मुलगा आलेमायू आईसह इंग्रजांच्या ताब्यात आला. वाटेत आई वारली. त्या पोरक्या मुलाला एका कॅप्टनाच्या हवाली करून इंग्लंडला नेले; काही काळ तो त्या कॅप्टनाबरोबर हिंदुस्थानातही राहिला. मग रग्बीची शाळा, सँडहर्स्टचे लष्करी विद्यालय असे करीत १८७९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो परक्या थंडीत मरण पावला. विंडसर येथे त्याला पुरलेले आहे. राजपुत्रासाठी साम्राज्याने सर्वोत्कृष्ट शाळा निवडल्या, ह्यात संशय नाही. तथापि त्याला काय हवे आहे हे विचारणारे त्याचे असे तेथे कोणी नव्हते. हा मुलगा वाचकांनी ध्यानात ठेवावा. अनाथालयांचा विचार करताना त्याची आठवण पुन्हा काढावी लागेल.

सुटका झाल्यावर वाल्डमायर बैरुतला आला. तेथेही एका कत्तलीची छाया पसरलेली होती. १८६० मध्ये लेबानॉनच्या डोंगरात द्रूज आणि मारोनी ख्रिस्ती ह्यांच्यात यादवी माजून ती आग दमास्कसपर्यंत पोहोचली. हजारो ख्रिस्ती मारले गेले. अल्जीरियाचा पदच्युत मुसलमान वीर अब्दुल कादर ह्याने दमास्कस येथे हजारो ख्रिस्त्यांस आपल्या आश्रयास घेऊन वाचविले, हेही त्याच इतिहासाचे एक पान आहे. विधवांचे व पोरक्या मुलांचे लोंढे बैरुतमध्ये आले. बोवेन टॉमसन नावाच्या एका इंग्रज विधवेने त्यांच्यासाठी त्याच वर्षी शाळा काढली, आणि तिच्या अनेक शाखा झाल्या. ह्या शाळांच्या व्यवस्थेत वाल्डमायरने काही वर्षे काम केले. ह्याच काळात त्याचे मन क्वेकरांकडे ओढले गेले. ज्याने राजाज्ञेने तोफा ओतल्या आणि त्या तोफांचा व त्याहून मोठ्या तोफांचा सामना डोळ्यांनी पाहिला, त्याला शस्त्रमात्राचा निषेध करणारा पंथ जवळचा वाटावा ह्यात नवल कसले?

१८७३ मध्ये तो बैरुत सोडून ब्रुम्मान्यास राहावयास गेला. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट, म्हणजे आपल्या लोणावळ्याहून काहीसे उंच असे हे गाव. चोहोकडे पाइनची झाडे, उतारावर तुतीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा. त्या काळी सगळा डोंगर रेशमाच्या किड्यावर जगत असे आणि रेशीम फ्रान्सला जाई. येथे त्याने शाळा काढली, आणि इंग्लंड व अमेरिका येथील क्वेकरांनी तिचा भार उचलला. शाळेपाठोपाठ मुलांचे वसतिगृह, मग मुलींचे, मग दवाखाना अशी वाढ होत गेली. १८८८ मध्ये दोन्ही देशांच्या क्वेकरांनी आपसांत वाटणी करून रामल्ला अमेरिकनांकडे व ब्रुम्माना इंग्रजांकडे ठेविले.

त्या काळचे लेबानॉन म्हणजे शाळांचा बाजारच झाला होता. मारोनी मुलांस फ्रेंच जेसुइटांनी ओढावे, ऑर्थोडॉक्सांस रशियाने, प्रॉटेस्टंटांस अमेरिकनांनी. प्रत्येक पंथाची शाळा निराळी आणि प्रत्येक शाळेमागे एकेक परराष्ट्र उभे. मुलगा कोणत्या शाळेत जातो ह्यावरून मोठेपणी तो कोणत्या राष्ट्राच्या वकिलातीकडे आशेने पाहील हे सांगता यावे, अशी स्थिती. ह्या बाजारात क्वेकरांच्या शाळेचे एक वैशिष्ट्य होते. बारा-तेरा वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांनी एकमेकांचे गळे कापले होते, ती द्रूज व ख्रिस्ती मुले तेथे एका बाकावर बसू लागली. बायबल शिकविले जाई, मौनसभाही भरे. परंतु क्वेकरांपाशी द्यावयाला बाप्तिस्मा नव्हता, सांगावयाला संस्कार नव्हते, आणि धर्मांतराची नोंद करावयाचे पाणीही नव्हते. मौनात बसलेला मुलगा आत काय म्हणतो हे कोणी विचारू शकत नाही. परिणामी ब्रुम्मान्यात शिकून गेलेले हजारो झाले. क्वेकर झालेले मात्र मूठभरच राहिले. मिशनच्या दृष्टीने हे अपयश म्हणावे लागेल. शाळेच्या दृष्टीने पाहता, आईबापांनी मुले निर्धास्तपणे पाठवावीत ह्याचे हेच एक कारण होते असे मला वाटते.

वाल्डमायरचे उत्तरायुष्यही सांगण्यासारखे आहे. लेबानॉनच्या डोंगरात वेड लागलेल्या माणसांस कोझाया येथील मठाच्या गुहेत साखळदंडांनी बांधून ठेवीत. भूत निघून जाईल अशी समजूत. हे पाहून त्याने १८९६ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, शाळेचे काम सोडले आणि युरोप-अमेरिकेत निधीसाठी वणवण केली. १९०० मध्ये बैरुतजवळ अस्फुरिया येथे कोणत्याही धर्माच्या वेड्यांसाठी रुग्णालय उघडले. साखळदंडावाचून वेड्यांची शुश्रूषा करता येते हे इंग्लंडात यॉर्कच्या क्वेकरांनी १७९६ मध्ये आपल्या संस्थेत दाखवून दिले होते. तोच धडा त्याने लेबानॉनला नेला. हे रुग्णालय १९८२ पर्यंत चालले. वाल्डमायर १९१५ मध्ये वारला.

त्याच वर्षी लेबानॉनवर टोळधाड आली. महायुद्ध सुरू झालेलेच होते. समुद्राकडून दोस्तांच्या आरमाराची नाकेबंदी, जमिनीकडून तुर्की सरकारची धान्यावरील बंधने, साठेबाज व्यापारी आणि रेशमाचा बुडालेला धंदा, अशा चहूबाजूंच्या कोंडीत १९१५ ते १९१८ पर्यंत त्या चिमुकल्या प्रांताची एक तृतीयांशाच्या आसपास प्रजा भुकेने व साथींनी मेली. किती मुले पोरकी झाली ह्याची गणती करणेच कठीण. डोंगरातील रास अल्-मतन ह्या गावी डॅनियल व एमिली ऑलिव्हर ह्या क्वेकर दांपत्याने अशा मुलांसाठी अनाथालय चालविले. सर्व धर्मांची पोरे तेथे पोसली गेली.

येथे शाळा आणि अनाथालय ह्यांतील एक भेद पाहिला पाहिजे; कारण मिशनरी कार्याविषयीचा आपल्या मनातील सल नेमका तेथे आहे. शाळेत येणाऱ्या मुलाच्या मागे घर असते. मास्तर मर्यादा सोडून वागला तर बाप मुलाला काढून घेतो, आणि ह्या भीतीने मास्तर मर्यादेत राहतो. १८९३ मध्ये शारदासदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचा बोभाटा झाला तेव्हा रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. अनाथ मुलाच्या वतीने ‘नाही’ म्हणणारे कोणी नसते. जो अन्न देतो तोच त्याचा बाप, तोच मास्तर आणि तोच धर्मगुरू. आलेमायूचे जे विंडसरला झाले तेच, लहान प्रमाणावर आणि पुष्कळदा मोठ्या मायेने, हजारो अनाथालयांत घडत आले आहे.

ह्याचा पुरावा आपल्याच देशातील क्वेकरांच्या इतिहासात मिळतो. काशीस उतरलेल्या रेचेल मेटकाफ हिचे कार्य पुढे जबलपुराहून नर्मदाकाठच्या होशंगाबादेस, म्हणजे आजच्या नर्मदापुरमला, स्थिरावले. संधिवाताने तिचे शरीर जखडले होते. तशा स्थितीतही खुर्चीत बसून तिने पोरक्या मुलांचा सांभाळ १८८९ मध्ये मरेपर्यंत केला. तिच्या भूतदयेपुढे कोणीही नम्र व्हावे. पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन भीषण दुष्काळांत मध्यप्रांतातील असंख्य मुले निराधार झाली, आणि क्वेकरांच्या अनाथालयांत त्यांची मोठी भरती झाली. त्या मुलांस सुतारकी, विणकाम, शेती शिकविली. त्यांची आपसांत लग्ने लावून दिली. मिशनने घेतलेल्या जमिनीवर त्यांस वसविले. १९०७ मध्ये मध्यहिंदुस्थानच्या क्वेकरांची वार्षिक सभा स्थापन झाली तेव्हा तिचा मोठा भाग ह्या दुष्काळातल्या मुलांचाच होता. ज्या पंथाला लेबानॉनच्या भरल्या शाळांत मूठभर अनुयायी मिळाले, त्याच पंथाला होशंगाबादेस दुष्काळाने एक समाज मिळवून दिला. दोन्हीकडे माणसे तीच, मौन तेच, सद्भावही तोच. फरक इतकाच की एके ठिकाणी मुलांच्या मागे आईबाप होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते.

ह्यावरून क्वेकरांनी दुष्काळाचा फायदा घेतला असा निष्कर्ष जो काढील तो अन्याय करील. ती मुले त्यांनी उचलली नसती तर त्यांतील बहुतेक मेली असती, आणि त्या वेळी आपल्या समाजाने त्यांच्यासाठी काय केले ह्या प्रश्नाचे उत्तर आपणांस फारसे भूषणावह नाही. १८७५ मध्ये पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर ह्यांच्या प्रयत्नाने निघालेले बालहत्याप्रतिबंधकगृह आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यास काढलेला अनाथ बालिकाश्रम ही उदाहरणे आपण अभिमानाने सांगतो; पण ती बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ठपका कोणावर, हा प्रश्न बाजूस ठेवून एवढेच म्हणावे की, केवळ हेतूची शुद्धता अनाथाच्या स्वातंत्र्याचे रक्षण करू शकत नाही. त्यासाठी त्याच्या बाजूने बोलणारे कोणीतरी अनाथालयाच्या बाहेरचे लागते.

क्वेकरांच्या श्रेयाची गोष्ट अशी की हा विचार त्यांच्यातील कित्येकांस कालांतराने पटला. आतला प्रकाश सर्वत्र आहे हा फॉक्सचा मूळ सिद्धान्त त्यांस मागे खेचीत होताच. होशंगाबादच्या शाळेत शिकवून पुढे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात प्राध्यापक झालेले जॉन हॉयलंड हे त्याचे उदाहरण. तुकोबांस ख्रिस्ताचे उत्तर देण्याऐवजी त्यांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेले. ते भाषांतर १९३२ मध्ये प्रसिद्ध झाले. होशंगाबादजवळ रसूलिया येथील मिशनच्या जागेचे रूपांतर ग्रामसेवेच्या केंद्रात झाले. त्याच केंद्राने १९७२ मध्ये किशोर भारती ह्या संस्थेच्या सहकार्याने जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक नवा प्रयोग आरंभिला. पाठांतर बंद, मुलांनी स्वतः प्रयोग करावा, पाहावे, आणि जे दिसले ते लिहावे. ह्या कार्यक्रमात धर्माचे नावही नव्हते. तो पुढे शेकडो सरकारी शाळांत पसरला व २००२ मध्ये सरकारने बंद करीपर्यंत चालला. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नकोस, स्वतः पाहा, हा उपदेश फॉक्सने केला होता तो देवाविषयी. रसूलियाच्या मंडळींनी तो होशंगाबादच्या पोरांस बी आणि बेडूक ह्यांविषयी केला.

शेवटी एका प्रश्नाचा निर्देश केल्यावाचून हा लेख पुरा करता येत नाही. शस्त्राचा निषेध करणाऱ्या ह्या शाळेचा संस्थापक शस्त्रबळानेच सुटला होता. नेपियरची मोहीम निघाली नसती तर वाल्डमायर मगदलावरच खपला असता, आणि ब्रुम्मान्याची शाळा त्याच्या हातून निघाली नसती. तेव्हा अहिंसेचे हे रोप हिंसेच्या खतावर वाढले, असे कोणी म्हणेल. ह्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. त्याच मोहिमेने आरोगीवर शेकडो घरे उघडी पाडली, एका राजपुत्रास पोरके केले, आणि हिंदुस्थानच्या रयतेला, जिच्या मुलांस त्या काळी पुरेशा शाळा नव्हत्या, त्या युद्धाच्या खर्चात वाटा उचलावयास लावले. हा जमाखर्च मांडताना जमेच्या बाजूस एक शाळा लिहिली तरी खर्चाच्या बाजूचे आकडे पुसले जात नाहीत. वाल्डमायरने त्या जमाखर्चातील आपल्या वाट्याचे देणे चाळीसपन्नास वर्षे खपून फेडण्याचा यत्न केला, असे त्याचे चरित्र वाचताना वाटते. ज्या सरकारांनी ते युद्ध लढविले त्यांनी असा यत्न केल्याचे आढळत नाही.

‘सेव्हास्तोपोल’ तोफ मगदलाच्या डोंगरावर अजून पडून आहे. पाहणारे क्वचित् तेथवर जातात. ब्रुम्मान्याच्या शाळेस २०२३ मध्ये दीडशे वर्षे झाली. मधल्या काळात लेबानॉनमध्ये १९७५ पासून १९९० पर्यंत पुन्हा एकदा धर्माधर्मांची यादवी पेटून गेली. तिने शाळेत एका बाकावर बसलेल्यांची नातवंडे-पतवंडे परस्परांसमोर उभी केली असतील. म्हणून शाळा काढल्याने वैर संपते असा भाबडा निष्कर्ष मी काढीत नाही. परंतु ती यादवी संपल्यावरही त्या गावातील निरनिराळ्या धर्मांच्या आईबापांस आपली मुले एकत्र पाठविण्यासाठी एक जागा तयार होती, आणि ती तशीच राहिली, एवढे त्या ओतशाळेतल्या कारागिराचे ऋण मान्य करावे लागेल.